म्हातारी फुलदाणी

आमच्या सौ.नी परवा काचेची फुलदाणी म्हातारी केली. रंगात खायचा सोडा कालवायचा, दोन हात द्यायचे, ओलं असतानाच माती चोळायची, वाळलं की पुसायचं. एका दुपारीत दोन हजार वर्षं! आमच्या नाशकात १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी मातीची गढी खणली, तिथल्या खापरांना तेवढं वय मिळवायला बिचाऱ्यांना गाडून घ्यावं लागलं होतं.

आता हे खोटं बोलणं झालं का? फुलदाणी काही बोलत नाही. तसा माझा कलपही बोलत नाही. (माणसाचं वय उतरवायचं आणि भांड्याचं चढवायचं, हे एकाच घरात चालतं!) माझ्या मते सजावट म्हणजे थाप नव्हे. थाप सुरू होते ती कुणी “केवढी जुनी हो?” म्हणून विचारल्यावर.

शेजारच्या काकूंनी नेमकं तेच विचारलं. सौ. म्हणाली, “तुम्हीच सांगा बाई!” धर्मराजाचा नरो वा कुंजरो वा तरी याहून काय वेगळा होता? काकूंनी फुलदाणीवरून हात फिरवला. त्यांच्या आजीकडे अश्शीच होती म्हणे, वाडा विकला तेव्हा फुटली. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काही सोड्याचं नव्हतं.

काकूंना सोड्याचं कोणी सांगायचं, यावर आमचं अजून ठरायचं आहे.