त्या मुलीला विचारले जाईल



पवित्र कुरआनातील सूरह अत्-तकवीर आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे. कयामतच्या दिवशी सूर्य, तारे, पर्वत आणि समुद्र यांची काय अवस्था होईल, हे सांगता सांगता ही सूरह एका लहानशा मुलीपाशी येऊन थांबते. जिवंत पुरलेल्या त्या मुलीलाच त्या दिवशी विचारणा होणार आहे की तिचा जीव कोणत्या अपराधापायी घेतला गेला.

न्यायासनासमोर प्रश्न आरोपीला विचारतात. येथे मात्र पित्याला बाजूला सारून मुलीला विचारले जात आहे. असे का? मुफस्सिरांनी म्हटले आहे की मारणाऱ्याविषयीचा अल्लाहचा तीव्र कोप यातून प्रकट होतो. तो संबोधण्याच्याही योग्यतेचा उरलेला नाही. मला यात आणखी एक गोष्ट जाणवते. जिला या जगात एक शब्दही उच्चारू दिला गेला नाही, तिची साक्ष त्या दिवशी सर्व सृष्टीसमोर नोंदवली जाणार आहे.

हा अज्ञानकाळातील अरबांचा विषय आहे, असे समजून आपण पुढची आयत पठण करतो. पण खरोखर तसे आहे काय? तो पिता वाळूत खड्डा खणीत असे. आज सोनोग्राफीच्या यंत्राने ते काम अंधाऱ्या खोलीत नेले आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच महाराष्ट्राने 1988 साली केला, केंद्राचा कायदा 1994 साली आला. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 894 मुली आढळल्या आणि बीड जिल्ह्यात अवघ्या 807.

“आपल्या समाजात हे पाप नाही,” असे काही जण अभिमानाने सांगतात. देशभरातील मुस्लिमांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरे आहे, हे खरे. परंतु 2001 साली ते 950 होते आणि 2011 साली 943 झाले. घसरण आपल्याही अंगणात पोहोचली आहे. मग हा अभिमान कशाच्या आधारावर?

काही वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर एक भगिनी आपल्या वृद्ध वडिलांसोबत माझ्याकडे आली. दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सासूबाई आणि पती “तपासणी”साठी आग्रह धरून होते. आठ दिवस घरात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हते. तिने खाली मान घालून विचारले, “मौलाना, शौहरचे ऐकणे फर्ज आहे ना? मग मी जाऊ का?”

वाचकहो, या प्रश्नाने मी हादरलो. ज्या दीनने मुलीला जगण्याचा हक्क दिला, त्याच दीनचा आधार घेऊन तिला मारण्याची आज्ञा दिली जात होती! मी तिला सांगितले की निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणत्याही माणसाची आज्ञा बंधनकारक नाही, मग तो पती असो, पिता असो वा इमाम. चार महिन्यांच्या मुदतीचा हवाला देणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे: फुकहांच्या त्या चर्चेत आईच्या जिवाला धोका यांसारख्या उज्रांचा विचार होतो. “मुलगी आहे” हा उज्र नव्हे. ते तर अल्लाहच्या वाटपावर आक्षेप घेणे आहे. सूरह अश्-शूरामध्ये संततीच्या या वाटपाचा उल्लेख करताना अल्लाहने मुलींचे नाव मुलांच्या आधी घेतले आहे.

शिवाय दोष कोणाला द्यायचा? आईकडून प्रत्येक वेळी एक्स गुणसूत्रच येते. मुलगा की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरते. त्यातही पित्याची इच्छा चालत नाही. तरी टोमणे मात्र आईच्याच वाट्याला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घराकडे पाहा. त्यांचे पुत्र बालपणीच अल्लाहला प्यारे झाले. विरोधकांनी त्यांना निर्वंश म्हणून हिणवले. त्यांचा वंश पुढे चालला तो हजरत फातिमा (र.) यांच्यापासून. “वंशाला दिवा हवा” म्हणणाऱ्याने दरूद पठण करताना हे आठवावे. बुखारी व मुस्लिममध्ये त्या गरीब मातेची हदीस आहे, जिने हजरत आयशा (र.) यांच्याकडून मिळालेला खजूर दोन मुलींत वाटून दिला आणि स्वतः उपाशी राहिली. मुली आपल्या पालकासाठी नरकाग्नीपासून आड होतील, ही शुभवार्ता प्रेषितांनी त्या प्रसंगी दिली.

मात्र केवळ हदीस ऐकवून हा रोग जाणार नाही. मुलगी नकोशी होते, कारण आपण तिला तोट्याचा व्यवहार करून ठेवले आहे. निकाहमध्ये मेहर वराने द्यायचा असतो, आपण वधूपित्याकडून जहेज घेतो. वारशात कुरआनने तिचा हिस्सा ठरवून दिला आहे, आपण “माहेर तुटेल” अशी भीती घालून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो. तिचा हक्क बुडवणारा आणि तिचा गर्भ पाडणारा यांची पायरी वेगळी असेल. जिना एकच आहे.

माझाही कबुलीजबाब ऐका. “मुलगा व्हावा म्हणून तावीज द्या,” असे म्हणत लोक येत आणि मी हसून दुआ करून देत असे. त्या घरात कोणावर काय गुदरत असेल, हे मी कधी विचारले नाही. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, हा भेद मीही निमूटपणे खाल्ला आहे. त्या भगिनीने केवळ आपल्या सासरालाच नव्हे, मलाही जागे केले. आता तावीज मागणाऱ्याला मी आधी घरातील मुलींची नावे विचारतो.

ती तपासणीला गेली नाही. बाळंतपणापर्यंत माहेरी राहिली, बोलणी सोसली, पण गर्भ राखला. पुढे तिला काय झाले, मुलगा की मुलगी? हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल, तर तो मुद्दाम अनुत्तरित ठेवतो. एका आईने एक जीव वाचवला, एवढे कळून आपले समाधान होऊ नये, यातच आपला रोग आहे.

आपल्या घरातील एखादी सून आज अशीच एकटी पडली असेल, तर तिच्या बाजूने उभे राहा. अन्यथा उद्या ती मुलगी उत्तर देईल, तेव्हा मारणाऱ्यांबरोबर गप्प बसणाऱ्यांचीही नावे निघतील. अल्लाह आपणा सर्वांना त्या दिवसाच्या लज्जेपासून वाचवो. आमीन.