चैत्रातला मफलर

आमच्या लहानपणी बीड जिल्ह्यात करमणुकीची दोनच साधने होती. एक जत्रा आणि दुसरे, जत्रेची वाट पाहणे. पहिले दोन दिवस चाले, दुसरे उरलेले तीनशे त्रेसष्ट. त्यामुळे पुष्कळांना दुसऱ्याचीच गोडी अधिक वाटे.

आमच्या गावची जत्रा चैत्रातली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावेच्या गावे कोयते घेऊन ऊस तोडायला निघून जात. कारखान्यांचा पट्टा पडला की ती परतत. देवाची तिथी आणि माणसांच्या हाती आलेले चार पैसे यांचा मेळ बरा बसे. देवळापाशी नारळ आणि गुलाल, पुढे रेवड्या आणि गोडी शेव, मग पाळणा, मौत का कुआ, फिरत्या टॉकीजचा तंबू आणि सगळ्यांच्या शेवटी, गावाची नजर जिथे पोचत नाही अशी सर्वांची समजूत होती तिथे, तमाशाची कनात. देवापासून जसजसे लांब जावे तसतशी गर्दी वाढत जाई, ही गोष्ट मी त्या वयातही टिपून ठेवली होती.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याने मला ब्लॅकपूल या गावची चित्रे पाठवली. तिथल्या मनोऱ्याखाली १८९९ सालापासूनचे नाचघर आहे. त्याची जमीन म्हणे तीस हजारांहून अधिक लाकडी तुकड्यांची केलेली आहे. आमच्या नाचघराची जमीन काळीची. आदल्या महिन्यात तिथे ज्वारीची धसकटे असत आणि नाच बघून परतणाऱ्याच्या तळपायाला ती पुढे आठवडाभर त्या कलेची आठवण करून देत. पण खरा फरक जमिनीचा नव्हे. तिकडे जो तिकीट काढतो तोच नाचतो. त्यामुळे अब्रू जायचीच असेल तर सगळ्यांची मिळून जाते. आपण कामाची वाटणी करून टाकली. एकीने नाचायचे आणि पाचशेजणांनी बघायचे. अब्रू फक्त नाचणारीची जायची, बघणारे सकाळी धोतर झटकून घरी.

तसा तमाशा जुना आणि शिस्तीचा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी पहाटेपर्यंत वग. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे मुक्कामाला परततात. जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावी त्यांच्या राहुट्या पडतात. संगीत बारीची थिएटरे निराळी. आमच्या शिवेपलीकडे जामखेडला, तिकडे मोडनिंबला, चौफुल्याला. पुण्यात आर्यभूषण, मुंबईत लालबागला पूर्वी हनुमान थिएटर होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदीच घातली होती, मग अटी घालून ती उठवली. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे ती बंदी आमच्यापर्यंत आलीच नाही. लाज मात्र आली. तिला हद्द ओलांडायला परवाना लागत नाही.

माझी कथा १९७४ सालची. मी नववीत होतो. घरी ‘कीर्तनाला जातो’ असे सांगून, डोक्यावरून टॉवेल घेऊन मी कनातीत शिरलो. गवळणीला एक मुलगी राधा होऊन आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. पेंद्याने वाट अडवली, मावशीने हात नाचवत त्याला झाडले, कनात हसून हसून फाटायची वेळ आली आणि मग त्या मुलीने एकच स्वर असा लावला, की ढोलकीवाल्यानेही क्षणभर हात उचलला. त्या रात्री मी कशाला भुललो, असे मला विचाराल तर त्या स्वराला. हे कोणाला पटत नाही. मलाही तेव्हा पटले नव्हते.

माझ्या शेजारी एक गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते. चैत्राचा महिना, आत भट्टी पेटलेली, आणि मफलर! इतक्यात ते खोकले. तो खोकला मी पाचवीपासून रोज ऐकत होतो. आमचे गुरुजी! त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले आणि आम्ही दोघांनी एकदमच समोर पाहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी इंद्रियनिग्रहावरचे सुभाषित शिकवले. त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत मला त्यांची एकही छडी बसली नाही. सरकारी शिष्यवृत्तीपेक्षा ही अधिक उपयोगी पडली.

त्याच सुमारास आमच्या तालुक्याच्या टॉकीजला ‘पिंजरा’ लागला. शांतारामबापूंचा हा चित्रपट १९७२चा, पण आमच्याकडे पोचायला त्याला जरा वेळ लागला. तमाशातल्या बाईपायी एक आदर्श मास्तर कसा धुळीला मिळतो, हे बघायला आमच्या शाळेतले सगळे मास्तर सहकुटुंब गेले. गुरुजी पहिल्या रांगेत, आणि मफलर न घेता! तेव्हापासून एक कोडे माझ्या डोक्यात आहे. बाई पडद्यावर नाचली तर ती कला आणि कनातीत नाचली तर तो तमाशा. दोन्ही बाजूंना कापडच! मग लाज नेमकी कुठल्या कापडाला चिकटते? माझा अंदाज असा, की ती मफलरला चिकटते. पण आपण तो घरी गेल्यावर काढून खुंटीला लावतो आणि लाज त्या बाईच्या अंगावर टाकून मोकळे होतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. प्रयोग चालू असताना मागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. राष्ट्रपतींचे पदक मिळाले, उतारवय हलाखीत गेले, २००२ साली त्या वारल्या. मग त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू झाला. तिकिटाचे पैसे टाकले म्हणजे बघणाऱ्याचा हिशेब मिटतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. मीही होतो. १९८९ सालापर्यंत.

तोवर मी स्वतःच मास्तर झालो होतो. जूनमधली गोष्ट. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन शाळेच्या कचेरीत आल्या. कारकुनाने अर्ज पुढे ओढला. “वडिलांचं नाव?”

“माझंच लिवा की सायेब. चालंल न्हवं?”

तो आवाज! पंधरा वर्षांत जरा बसला होता, पण मी ओळखला. कारकुनाने पेन खाली ठेवले. “बाई, नियमात बसत नाही. गावात ओळखीचं कुणी आहे का?” मग तो माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही ओळखता का यांना?”

मी म्हणालो, “नाही.”

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. बोर्डावरून त्यांना मी कधी दिसलो असेन? तिथून दिसतो तो नुसता अंधार आणि मफलर. लेकराचे बोट धरून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो. ते निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती.

“गुरुजी, आज शाळेत एक बाई आल्या होत्या. पूर्वी गवळण करायच्या.”

गुरुजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “तू कसं ओळखलंस?”

“तुम्ही ओळखलं असतं तसंच.”

पंधरा वर्षांत त्या रात्रीविषयी आम्ही बोललो ते एवढेच. तिसऱ्या दिवशी गुरुजी त्या मायलेकरांना घेऊन कचेरीत हजर!

“पालक म्हणून माझं नाव घाला,” ते म्हणाले.

कारकून उठून उभा राहिला. “गुरुजी, तुमची यांची ओळख कुठली?”

“जत्रेतली. कनातीत बसून पाहिलंय मी हिचं काम. फार चांगली गवळण करायची.”

कचेरीत शिपायासकट सात माणसे होती. कोणी हसले नाही. बाईंनी पदर सावरून मान वर केली आणि गुरुजींकडे टक लावून पाहिले. बघणाऱ्याचा चेहरा त्यांना बहुधा पहिल्यांदाच उजेडात दिसत होता.

पोराला प्रवेश मिळाला. मीच त्याला दोन वर्षे शिकवले. गणितात बेताचा होता, पण प्रार्थनेला त्याचा स्वर सर्वांत वर जाई.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचे नाव लागते आणि मग वडिलांचे. नियम चांगला आहे. पण त्या दिवशी कचेरीत मला नियमाने अडवले नव्हते. गुरुजी बोलले तेव्हा मीही तिथेच, कपाटाला टेकून उभा होतो. ‘मीही पाहिलंय’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

ते आज म्हणतो आहे. मफलर काढून.