संमती, कायदा आणि हलाल

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने ज्या गावांचे रूप पालटले, त्यांपैकी बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे एक होय. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पहाटेपासून राबू लागतो. या पट्ट्यात पैसा आणि गरज शेजारी-शेजारी राहतात. जिथे हे दोघे शेजारी असतात, तिथे गरजेची किंमत लावणाराही येतोच.

‘सोबत’, ‘मैत्री’ अशा सोज्वळ शब्दांत झाकलेल्या शरीरविक्रयाविषयी आज आपले तरुण विचारतात, “दोघेही सज्ञान आहेत, दोघांची संमती आहे, कायदाही गुन्हा मानत नाही, मग चूक ती काय?” हा प्रश्न रागावून टाळण्याजोगा नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 हा महाराष्ट्रातही लागू आहे. सज्ञान स्त्रीने स्वतः खाजगीरीत्या केलेले हे कृत्य तो गुन्हा ठरवीत नाही. मात्र कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, कोणाला या व्यवसायात ओढणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे, तसेच प्रार्थनास्थळे व शाळांपासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही घटनेच्या 21व्या कलमानुसार सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे सांगून पोलिसांनी त्यांना अपमानास्पद वागणूक देऊ नये, असे बजावले.

परंतु दंड कोणाला करावा, एवढेच कायदा ठरवितो. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवून झोपणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. म्हणून ते सत्कृत्य ठरते काय?

आता संमती. उचल घेताना मजूरही ‘स्वेच्छेने’च अंगठा उठवितो. त्या स्वेच्छेमागे पडीक जमीन, आजारी आई आणि मुलीचे लग्न उभे असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्या सौद्यात एक पक्ष नकार मिळाला तर घरी जातो आणि दुसरा पक्ष नकार दिला तर उपाशी राहतो, तिथे संमतीचा शब्द उच्चारण्यापूर्वी थांबून विचार करावा. आणि मजबुरी खरोखरच नसेल तरी? तरीही इस्लामचे उत्तर बदलत नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. निकाहमध्ये साक्षीदार, महर आणि होणाऱ्या संततीची जबाबदारी असते. या सौद्यात सुखाची किंमत चुकविली की जबाबदारी संपते. म्हणूनच कुरआनने व्यभिचाराच्या जवळही जाण्यास मनाई केली आहे (17:32), आणि अशी कमाई प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरविली आहे.

मात्र ही मनाई प्रथम कोणाला उद्देशून आहे? मदीनेतील अब्दुल्लाह बिन उबई हा प्रतिष्ठित सरदार आपल्या दासींना या धंद्यास लावीत असे. त्यावर अवतरलेल्या आयतीत (24:33) जाब धन्याला विचारला आहे. जबरदस्ती झालेल्या स्त्रियांसाठी मात्र क्षमा आणि दया आहे. नजर खाली ठेवण्याची आज्ञाही त्याच सूरहमध्ये आधी पुरुषांना दिली आहे (24:30), नंतर स्त्रियांना. आणि चार साक्षीदारांवाचून शीलवान स्त्रीवर आळ घेणाऱ्यास ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे (24:4). गावच्या पारावर एखाद्या विधवेविषयी किंवा कोपीत राहणाऱ्या परक्या बाईविषयी कुजबुजणाऱ्यांनी ही आयत पुन्हा वाचावी.

कोणी म्हणेल, अशाने पापाला सवलत मिळेल. तसे नाही. हराम हे हरामच राहते. फक्त हिशोब योग्य माणसाकडे मागितला जातो. आपण नेमके उलट करतो: घेणाऱ्याचे नाव झाकतो आणि देणारीला गावाबाहेर काढतो.

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत बनी इस्राईलमधील एका वेश्येचा प्रसंग आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला तिने आपल्या पादत्राणातून पाणी काढून पाजले आणि अल्लाहने तिला क्षमा केली. ज्या दरबारात तिच्यासाठी दार उघडले, त्या दरबारात आपल्यालाही एक दिवस उभे राहायचे आहे. आपल्या शिवारातील एखादी स्त्री कर्जापायी स्वतःचा सौदा करण्याच्या उंबरठ्यावर असताना आपला सदका तिच्यापर्यंत पोहोचला होता की केवळ आपली चर्चा, हे तिथे आपल्याला विचारले जाईल.