पाण्याचा ताळेबंद आणि गावाची शीव

पर्यावरणासाठी झटणारा स्थानिक गट म्हटला की डोळ्यांसमोर येते ते ५ जूनचे वृक्षारोपण, कापडी पिशव्यांचे वाटप आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलेला फोटो. या उपक्रमांना नावे ठेवायचे कारण नाही. पण त्यांत कोणाचे काही जात नाही. उपसा, तोड, चराई यांना हात घातला की कोणाचे तरी उत्पन्न बुडते, आणि तिथे जनजागृतीची भाषा थिटी पडते. स्थानिक गटाचे बळ मला दोन गोष्टींत दिसते: चारचौघांत मांडलेला हिशेब आणि त्या हिशेबावरून स्वतःवर घालून घेतलेली बंदी.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९९०च्या दशकात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने इथे समतल चर, बंधारे, झाडे ही कामे झाली. तशी कामे महाराष्ट्रात हजारो गावांनी केली, आणि पाणी वर येताच अनेकांनी ऊस लावला. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला. गावातच पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी, तर गहू कमी. शेतीसाठी बोअर पाडायचा नाही. डोंगरावर जनावरे सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापून डोक्यावरून न्यायचे. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण गावातला चारा आणि दूध वाढण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

बंदीचा भार मात्र सगळ्यांवर सारखा पडत नाही. चराईबंदी बागायतदाराला झेपते. ज्याची सारी मालमत्ता चार शेळ्या आहेत, त्याचे काय? गावाची एकी म्हणजे पुष्कळदा बड्या घरांची एकी असते. हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर शोधले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या डोक्यांवर वाटले गेले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. बंदीच्या बदल्यात वाटा मिळाला की ती शिक्षा वाटत नाही. पुढे पाणी पंचायतीच्या काही योजना बंद पडल्या हे खरे. पण न्याय्य वाटप कसे दिसते, हे त्यांनी दाखवले.

दुसरा आक्षेप नेहमीचा: हे सारे एका भल्या माणसाच्या जिवावर चालते, तो गेला की संपले. अनेक ठिकाणी तसे घडलेही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने मात्र यावर वेगळी वाट काढली. तिथले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीत जातो. हे वेळखाऊ आहे, पण नियम सगळ्यांचा होतो आणि पुढाऱ्यावरचा भार हलका होतो. शिवाय या गावाने हक्क कागदावर मिळवला. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याकडेच राहिला. २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. गटाला अधिकार नसेल तर त्याचे नियम म्हणजे विनंत्याच. त्या कोणी मोडल्या तर दाद कुठे मागणार?

पाण्याच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे, ही १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून मुरलेली समजूत. हिवरे बाजारची बोअरबंदी मुख्यतः गावाच्या शब्दावर टिकली आहे, आणि तो शब्द गावाच्या शिवेपर्यंतच चालतो. भूजलाला शीव नसते. पलीकडच्या रानात खोल बोअर पडला तर इकडच्या ग्रामसभेने मागे ठेवलेले पाणी तिकडे उपसले जाऊ शकते. तेव्हा ताळेबंद एका गावाचा मांडून भागणार नाही, तो अख्ख्या पाणलोटाचा मांडावा लागेल. चार-पाच ग्रामसभांना त्यासाठी एका सतरंजीवर बसावे लागेल. त्यांतल्या एकीच्या शिवारात ऊस उभा असेल, दुसरीत टँकर येत असेल.