राजाच्या मेजावरील अधू मनुष्य

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ९

योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ जन्मतः लंगडा नव्हता. शौल व योनाथान युद्धात पडल्याची वार्ता आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता; त्यास घेऊन पळताना दाईच्या हातून तो पडला व दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीद राजाने त्यास मूठभर धान्य देऊन वाटेस लावले नाही. शौलाची सर्व शेती त्यास परत दिली, आणि ती कसण्यास सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर नेमून दिले. एका मनुष्याच्या दोन पायांऐवजी छत्तीस माणसे! हे अति झाले, असे त्या दिवशी कोणी तरी कुरकुरले असेलच.

ही कुरकुर आजही ऐकू येते. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या शिपायांस वाट दाखविण्याकरिता कुत्री शिकविण्याची शाळा जर्मनीत १९१६ साली निघाली. आता असा कुत्रा पडलेली काठी उचलून देतो, दार उघडतो, आणि रणातील भयाने झोपेत ओरडणाऱ्यास जागे करितो. त्यास तयार करण्यास सुमारे दोन वर्षे लागतात, खर्चही पुष्कळ येतो. अमेरिकेत २०२१ साली कायदा होऊन, मनाला युद्धाचे घाव लागलेल्या माजी सैनिकांनी अशी कुत्री शिकवावी, याचा पाच वर्षांचा प्रयोग सरकारी खर्चाने ठरला.

आमच्या वडीगोद्रीत हमरस्त्याच्या कडेस कुत्र्यास 'हाड' म्हणून धोंडा मारण्याचीच रीत. तेथे कोणी म्हणेल, लेकरांची भाकर कुत्र्यापुढे टाकावी काय? परंतु जो आंधळ्याचे डोळे झाला, त्याच्या पोटात गेलेला घास आंधळ्याच्याच कामी आला. मफीबोशेथानेही राजापुढे स्वतःस मेलेला कुत्रा म्हटले होते. राजाने ते मनावर घेतले नाही.

आपल्या देशात ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळितात. शाळेतील मुले डबा घेऊन येतात, त्यातील पैसा ध्वजदिन निधीत जातो. कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जे केंद्र आहे, त्यास या निधीतून साह्य होते. अपंग माजी सैनिकांस चालण्याफिरण्याच्या साधनांसाठीही मिळते. चाकांच्या गाडीस पैसा द्यावा व शिकविलेल्या कुत्र्यास देऊ नये, हा भेद आम्हांस पटत नाही. दोन्ही पायांच्याच जागी आहेत. हे देणे भिक्षा नव्हे. ज्याने आमच्याकरिता पाय दिले त्याचे ते ऋण होय, आणि ऋण एकट्यादुकट्याच्या दयेवर सोडीत नसतात.

उपदेशक बंधूंस एक विनंती. आपल्या गावी असा सैनिक असल्यास, मग तो कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, त्यास जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा नुसता पत्ता सांगून थांबू नये. अर्ज लिहून द्यावा व बरोबर जावे. दावीदानेही माणसे पाठवून मफीबोशेथास लो-दबाराहून आणविले होते.