पावसामागचा उजेड

आमच्या घरात सिनेमाचे नाव मोठ्याने घेण्याचा रिवाज नव्हता. अब्बा सिनेमाला वेळेची नासाडी म्हणत आणि दादीमां त्याहून कडक शब्द वापरीत. तरीही २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार लागला आणि त्यांची प्रकृती गंभीर झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा याच घरात अम्मीने नमाजनंतर त्यांच्यासाठी दुआ मागितली. दादीमां शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. देशभर तेच चालले होते. मशिदींत, मंदिरांत, गुरुद्वारांत लोक एका परक्या माणसाच्या जिवासाठी हात पसरून बसले होते.

हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो, कारण चाहता होणे म्हणजे खुळेपणा असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्याच्याशी आपले नाते ना गोत्याचे, ना गावचे, त्याच्यासाठी जीव कासावीस होणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. हा कळवळा कोणापर्यंत पोचतो आणि कोणाच्या दारात येऊन अडतो? हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून पडलेला नाही. तो एका रात्री गोरेगावच्या चित्रनगरीत पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

गोष्ट १९८६ च्या डिसेंबरातली. आम्ही दोघे मावसभाऊ, वय विशीच्या आतबाहेर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून रात्रभर एस.टी.त बसून मुंबईला आलो होतो. घरी कारण सांगितले होते मामूंची तब्येत पाहण्याचे. मामू जोगेश्वरीला राहत आणि सिनेमात लाइटमनचे काम करीत. त्यांची तब्येत ठणठणीत होती. आमचे लक्ष एका नटावर होते. त्याचे नाव इथे देत नाही, कारण हा मजकूर त्याच्याविषयी नाही. त्याच्या फोटोंची कात्रणे आमच्या वहीत होती आणि त्याच्यासारखी केसांची वळणे आमच्या डोक्यावर होती. तीन दिवस मागे लागल्यावर मामू म्हणाले, "आज नाइट शिफ्ट आहे. चला. पण जिथे उभे करीन तिथून हलायचे नाही."

चित्रनगरी तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती. १९७७ साली राज्य सरकारने ती उभी केली, आरे वसाहत आणि बोरिवलीच्या जंगलाच्या कुशीत. मुंबईत थंडी नसते असे म्हणणाऱ्याने डिसेंबरात रात्री दोन वाजता तिथे उभे राहून पाहावे. एका गल्लीचा देखावा उभारला होता. पुढून पाहिले तर दुमजली घरे, सज्जे, पानाचे दुकान. मागे जाऊन पाहिले तर बांबू, फळ्या आणि तरटे. दृश्य असे होते की, नायक मुसळधार पावसात घरी परततो आणि दार बंद पाहून मागे फिरतो. पडद्यावर फार तर मिनिटभराचे काम.

त्या मिनिटासाठी काय काय लागते ते आम्ही त्या रात्री पाहिले. पाण्याचे टँकर उभे होते. वर भोके पाडलेले नळ टांगले होते, त्यांतून पाऊस पडणार होता. गल्लीची फरसबंदी आधीच भिजवून ठेवली होती, कारण कोरडी जमीन रात्रीच्या चित्रीकरणात काळीठिक्कर दिसते आणि ओली जमीन उजेड परत फेकते. दिव्यांवर निळा जिलेटिनचा कागद लावला की चांदणे पडते. आणि मामूंनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात कायमची राहिली. ते म्हणाले, "पावसावर समोरून उजेड टाकला तर पाऊस कॅमेऱ्यात उमटत नाही. दिवा पावसाच्या मागे ठेवावा लागतो. मग धार चमकते." तो मागचा दिवा सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आणि त्यांच्या हाताखालच्या एका पोराकडे होते. पोरगा आमच्याच वयाचा. अंगात पातळ सदरा, डोक्याला मफलर.

नायक यायला बराच अवकाश होता. त्याच्या जागी त्याच्याच उंचीचा एक डुप्लिकेट पावसात उभा करून दिवे जुळवणे चालले होते. तो भिजे, थांबे, टॉवेल गुंडाळी, पुन्हा भिजे. असे चार-पाच वेळा झाले. आम्हांला त्याचे काही वाटले नाही. खरे सांगायचे तर तो मध्ये मध्ये येतो याचाच राग आला. मग गाडी आली, गर्दी हलली, आणि ज्याच्यासाठी आम्ही खोटे बोलून आलो होतो तो माणूस दहा हातांवर उभा राहिला. तो आजारी होता. नाक लाल, डोळे सुजलेले. छत्रीखाली उभा राहून गरम पाणी पीत होता. दिग्दर्शकाने हात वर करताच त्याने शाल बाजूला टाकली आणि त्या गार पाण्यात शिरला.

दुसऱ्या टेकमध्ये, तो बंद दारापुढे उभा असताना, मागचा दिवा विझला. कोणीतरी ओरडले. ओल्या केबलला हात लागून तो मफलरवाला पोरगा फेकला गेला होता. मेन बंद केले गेले. पाऊस थांबला. मामू धावत गेले. पोराला फळीवर आडवे करून छाती-पाय चोळले, तोंडाशी पाणी धरले. थोड्या वेळाने तो उठून बसला. जीव वाचला होता. दुसरा माणूस दिव्यापाशी गेला आणि काम पुन्हा सुरू झाले.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हांला बरीच वर्षे लागली. दिवा विझला त्या क्षणी आम्हां दोघांच्याही तोंडून "अरेरे" निघाले. ते त्या पोरासाठी नव्हते. शॉट अर्धवट राहिला म्हणून होते. पोराला काय झाले हा विचार नंतर आला; किती नंतर, ते आम्ही मोजले नाही. पण नंतर आला, एवढे नक्की. पॅक-अप झाल्यावर आम्ही वही पुढे केली. नटाने सही केली आणि विचारले, "जेवलात का रे?" एवढा भला माणूस. आम्ही हवेत तरंगत गोरेगाव स्टेशनला आलो तेव्हा फजरची अजान होत होती. मामू वाटेत काही सांगत होते. आमचे लक्ष वहीत होते.

ही आमची बेइमानी होती का? यावर आम्ही पुष्कळ वाद घातला आहे, एकमेकांशी आणि स्वतःशीही.

मावसभावाचे म्हणणे असे की, त्यात दोष कसला? माणूस जे पाहायला जातो तेच पाहतो. तिकिटाचे पैसे आपण मोजतो, त्यातून सगळ्यांची मजुरी निघते, हिशेब मिटला. आणि प्रत्येक वस्तूच्या मागचे हात आठवत बसलो तर भाकरीचा तुकडा घशाखाली उतरणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. जगातल्या सगळ्या कष्टांचे ओझे एका माणसाने वाहावे असा हुकूम कोणत्याही नीतीने दिलेला नाही. ज्याची खबर नाही त्याचा जाब नाही.

पण आम्हांला खबर नव्हती असे नाही. आम्ही पडद्यासमोर बसलो नव्हतो, पडद्याच्या मागे उभे होतो. माहीत नसणे आणि समोर असून न दिसणे यांत फरक आहे. पहिल्याला अज्ञान म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणावे? डोळे उघडे होते, अंतर दहा हातांचे होते, उजेड तर लख्ख होता. तरी नजरेने निवड केली. आणि ती निवड आम्ही त्या क्षणी केली नव्हती. आमच्या वहीतल्या कात्रणांनी ती कधीच करून ठेवली होती. सवयीने केलेल्या निवडीची जबाबदारी आपली नसते असे आम्हांला वाटत नाही, कारण सवयही आपणच लावून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. लाइटमनचे कसबच असे की उजेड दिसावा, दिवा दिसू नये. दिवा दिसला तर काम फसले. मग जे दिसू नये म्हणूनच केले जाते, ते आम्ही पाहिले नाही यात त्याचा अपमान कुठे झाला? इथे आम्ही बराच काळ अडलो होतो. मग ध्यानात आले की काम लपणे आणि कामगार लपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या शिवणीचा टाका दिसत नाही, म्हणून शिंप्याचे नाव कोणी विसरत नाही. उलट टाका दिसत नाही म्हणूनच ते नाव चारचौघांत घेतले जाते. मामूंनाही आपला दिवा पडद्यावर दिसू नये असेच वाटे. आपण दिसू नये असे त्यांना कधी वाटले नाही.

पुढे ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेच्या चित्रीकरणात आग लागली. साठाहून अधिक माणसे गेली. मालिकेचे नायक आणि दिग्दर्शक संजय खान भयंकर भाजले. त्यांच्या शस्त्रक्रिया, त्यांचे पुन्हा उभे राहणे, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे आणि ते खरोखर हिमतीचे होते. पण त्या साठांतले एक तरी नाव आपल्यापैकी कोणाला येते का? पुढे मालिका घराघरांत पाहिली गेली. आमच्या घरीसुद्धा, दादीमांसकट. टिपूवरची मालिका म्हणून अभिमानाने पाहिली. त्या अभिमानाला तेवढे एक भोक राहिले.

कोणी म्हणेल, हे गरीब-श्रीमंताचे गाऱ्हाणे झाले. तसेही नाही. चाहत्याची नजर नटालाही कुठे नीट पाहते? 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला. त्यातल्या अनारकलीच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या होत्या, आणि त्या वागवणाऱ्या मधुबालाच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होते. १९६९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. आपण तिच्या चेहऱ्यावरची वेदना पाहून वाहवा करीत आलो. त्यातली किती अनारकलीची आणि किती मुमताज जहान या बाईची, हे विचारायला आपण थांबलो नाही. त्या रात्री आमचा नट तापाने फणफणलेला होता, हेही आम्ही गावी जाऊन मोठ्या कौतुकाने सांगितले. तो घरी जाऊन झोपला असता तर बरे झाले असते, असे आमच्या मनात आले नव्हते. प्रेम त्याच्यावर होते की त्याच्या चित्रावर? चित्रावर असेल तर त्यातही गुन्हा नाही. फक्त मग त्या प्रेमाचे उपकार त्या माणसावर लादू नयेत.

मग पाहणाऱ्याने करावे तरी काय? सिनेमा सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही सोडलेला नाही. कायदे झाले, १९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी कायदा केला. ऑक्टोबर २००८ मध्ये थकलेली मजुरी आणि कामाचे तास यांसाठी कामगार संघटनांनी मुंबईत चित्रीकरण बंद पाडले. तेव्हा आमच्या ओळखीचे कितीतरी सिनेमावेडे लोक विचारत होते, आमच्या आवडत्या मालिकेचा भाग आज का नाही? तेच "अरेरे", बावीस वर्षांनंतरचे. कायदा आणि संप ज्यांनी करायचे त्यांनी केले. पाहणाऱ्याच्या वाट्याला आलेले काम फार लहान आहे, आणि तेच होत नाही. चित्रपट संपल्यावर नावांची लांबच लांब यादी सरकत जाते. त्या वेळी थिएटरात लोक उठून दाराकडे निघालेले असतात. घरी पाहिला तर नावे दिसेपर्यंत पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू होतो. ती यादी बसून पाहिल्याने कोणाची मजुरी वाढत नाही, हे आम्हांला कळते. पण नजरेची सवय बदलायची तर कुठून तरी सुरुवात करावी लागते. ज्याची सवय बदलली, तो उद्या आपल्या घरच्या मोलकरणीच्या, हॉटेलातल्या पोराच्या, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीतही निदान आधी "अरे, लागले का?" असे विचारील, आणि काम अडल्याची हळहळ मागाहून करील. सुधारणा म्हणून ही फार मोठी नव्हे. क्रम बदलणे, इतकेच.

मामू २००४ साली गेले. त्याच्या वर्षभर आधी आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. या वेळी त्यांची तब्येत पाहणे हेच खरे कारण होते. वर्षानुवर्षांच्या उजेडाने डोळे अधू झाले होते. बोलता बोलता आम्ही विचारले, "मामू, त्या रात्री शॉक लागलेल्या पोराचे नाव काय होते?"

मामू जरा वेळ आमच्या दिशेने पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याच पहाटे रस्त्यात सांगितले होते तुम्हांला. दोनदा."

त्यांनी नाव पुन्हा सांगितले. तो पुढे गावी परत गेला, शेती करतो, एवढेही सांगितले. ते नाव आता आमच्या जुन्या वहीत आहे, सहीच्या समोरच्या पानावर. इथे छापत नाही, कारण त्याला विचारलेले नाही. गावाचा पत्ता मात्र मिळाला आहे.