पहिले धिरडे कोणाचे?

बेसनाच्या धिरड्याला सणावारी मानाचे पान क्वचितच मिळते. पुरणपोळीचे भाग्य त्याच्या वाट्याला आलेले नाही, आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकात कांदा घातलेल्या धिरड्याला तर प्रवेशच नाही. असे असूनही गृहस्थाच्या अन्नधर्मातला एक अवघड प्रश्न धिरड्याच्या तव्यावर जितक्या उघडपणे उभा राहतो, तितका तो थाटाच्या पंक्तीत कधीच राहत नाही, असे मला वाटते.

दिवेलागणीनंतर कोणी अवचित दारात उभे राहिले, पोळ्यांचा डबा रिकामा झालेला असला आणि भाजी निवडून, चिरून, शिजवण्याइतकी सवड नसली, म्हणजे घरची गृहिणी बेसनाच्या डब्याला हात घालते. डोशाच्या पिठाला रात्रभर आंबण्याची मुदत द्यावी लागते. बेसन ती मागत नाही. पीठ चाळून घ्यावे, त्यात हळद, तिखट, हिंग, मीठ आणि तळहातावर चुरलेला ओवा घालावा, खुसखुशीतपणासाठी चमचाभर तांदळाची पिठी मिसळावी, आणि वाटीभर पिठाला जवळजवळ वाटीभर पाणी, पण एकदम न ओतता, आधी घट्टसर कालवून गुठळ्या मोडल्यावर हळूहळू वाढवीत न्यावे. मग बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालून पीठ पाव तास झाकून ठेवावे. तोवर बिडाचा तवा चढवावा, काट्याला टोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून त्याने तो पुसून घ्यावा, डावभर पीठ मधोमध ओतून डावाच्या बुडाने कडेपर्यंत फिरवावे, वर झाकण ठेवावे, आणि कडा आपण होऊन सुटू लागल्या की उलटावे. हे सारे यथासांग केले तरी पहिले धिरडे बहुधा चिकटते. तव्याची धग अजून सर्वत्र सारखी झालेली नसते, तेल बिडात पुरते मुरलेले नसते. उलथने घालावे तो मधला भाग तव्यालाच राहतो आणि हाती तुकडे येतात. त्यानंतरचे मात्र जाळीदार आणि अखंड निघते.

आता हे पहिले धिरडे कोणाचे? आपल्याकडे अग्रभागाची वहिवाट फार जुनी आहे. ताटे वाढण्यापूर्वी देवाला नैवेद्य, गाईला घास, कावळ्याला घास; जे पहिले ते आपले नव्हे, हा शिरस्ता ज्या घरांत मंत्र उरले नाहीत त्या घरांतही पुष्कळ काळ उरला. त्याच्याच जोडीला दुसरा दंडक असा की, द्यावयाचे ते उत्तम द्यावे. पोळ्यांच्या स्वयंपाकात हे दोन दंडक एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण पहिली पोळीही चांगलीच होते. धिरड्याच्या तव्यावर मात्र पहिले आणि उत्तम यांची फारकत होते, आणि दोहोंपैकी कोणत्या हुकमाची तामिली करावयाची याचा निवाडा करणाऱ्यालाच करावा लागतो.

कठोपनिषदातला बाळ नचिकेता, पित्याने दक्षिणेसाठी काढलेल्या गाईंकडे पाहून अस्वस्थ झाला होता. त्यांचे चरणे-पिणे संपलेले, दूध आटलेले. आपल्या उपयोगाचे जे राहिले नाही ते हाकलून देणे याला दान म्हणावे काय, ही त्याची शंका. तिच्या उजेडात पाहिले तर मोडके धिरडे गाईपुढे टाकून अखंड आपल्या पानात घेणे हा सरळ अपराध ठरतो. परंतु त्या गाईंचे आणि या धिरड्याचे प्रकरण अगदी एक नाही. गाईंतले देण्यासारखे सारेच संपले होते. मोडक्या धिरड्यात पीठ, मीठ, तेल, विस्तव, काहीच कमी पडलेले नाही, आणि भुकेल्याचे पोट त्यानेही तितकेच भरते. उणेपणा आहे तो रूपाचा. दोष शिरतो तो देणाऱ्याच्या मनात, "नाहीतरी मोडलेच आहे" म्हणून तो देतो तेव्हा. अग्रभागाचे मर्म मला असे दिसते की, पुढचे कसे निघेल, सर्वांना पुरेल की नाही, हे कळण्याच्या आधीच हात सैल करावयाचा. आणि हे मर्म पाळणारा पहिले तुकडे देईल व ते देताना संकोचही पावेल, आणि तो संकोचच त्या दानाला शुद्ध ठेवील.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत हे धिरडे ना गाईकडे जाते ना देवाकडे. करणारी ते एका ताटलीत बाजूला सारते आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर गार झालेले स्वतः खाते. शिवाय पोळीभाजी आधी करून ठेवता येते व करणारीला पंक्तीत बसता येते. धिरडे गार झाले की वातड होते, म्हणून एक तव्यावर आणि एक पानात असा क्रम चालतो, आणि तव्यापाशी जो बसला तो पंक्तीला मुकला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याला पापाचा धनी म्हटले आहे आणि यज्ञातून उरलेले सेवन करणाऱ्याला पापमुक्त. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी अन्नाला सामान्य समजू नका असे बजावले आहे. त्या न्यायाने ही बाई नित्य यज्ञशेष खाते, असा तिचा गौरव कोणी केला तर तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण जो त्याग नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येतो आणि ज्याची इतरांनी दखलही घेतलेली नसते, त्याला धर्माचे नाव देऊन आपण मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही.

आणि शास्त्राचा दाखलाच हवा असेल तर तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. ज्या मनुस्मृतीची होळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला केली, आणि तिच्यातल्या माणसामाणसांत भिंती घालणाऱ्या आज्ञा पाहता ती रास्तच केली, त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नवपरिणीत स्त्रिया, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, मागेपुढे न पाहता, जेवू घालावे असे सांगितले आहे; आणि पाहुणे, आप्त, सेवक या सर्वांचे झाल्यावर उरलेले कोणी खावे, तर दंपतीने. दोघांनी. सर्वांत शेवटी बसण्याची ही आज्ञा एकट्या गृहिणीला नाही. तिच्यातला अर्धा भाग गृहस्थाने केव्हा आणि कोणत्या अधिकाराने स्वतःपुरता माफ करून घेतला, याचा जाब धर्माचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पुरुषाने स्वतःस विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याची जागा देवघर नसून तव्यापाशी आहे, कारण डाव हाती घ्यायला कोणाचेही सोवळे आड येत नाही.

पैठणच्या एकनाथांची श्राद्धाची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा दरवळ रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबाला आला, आणि नाथांनी ते अन्न त्यांना खाऊ घातले. अग्रभाग कोणाचा या प्रश्नाचे याहून धीट उत्तर सोळाव्या शतकात कोणी दिले असेल असे मला वाटत नाही. ब्रह्मवृंद रागावून निघून गेला, आणि पितर स्वतः जेवायला आले. कीर्तनात भर असतो तो या पितरांच्या येण्यावर. माझे लक्ष मात्र मधल्या घटकेकडे जाते. पहिला स्वयंपाक वाटून झाल्यावर घर सारवून, चूल पुन्हा पेटवून, श्राद्धाचा सगळा स्वयंपाक त्याच दिवशी दुसऱ्यांदा करावा लागला, आणि तो नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी केला. त्या दुसऱ्या स्वयंपाकाच्या वेळी नाथ चुलीपाशी त्यांच्या हाताखाली बसले होते काय, हे कीर्तनात विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. मला ते विचारावेसे वाटते.